जेथें आपलें बळ, तेथेंच पहारा

(वाचावयाचा शास्त्रभाग : प्रकटीकरण २ : १–११, ३ : १–६, ३ : १४–२२, आणि १ करिंथ ११ : १७–३४)



प्रेषितांच्या काळच्या मंडळ्यांचें नांव निघालें कीं आपणां सर्वांच्या मुखांतून स्तुतीचेच शब्द बाहेर पडतात. ते लोक किती उत्साही, किती प्रेमळ, छळ सोसण्यांत किती धीराचे, असें आपण म्हणतों, आणि हल्लींच्या मंडळ्यांकडे पाहून सुस्कारा टाकतों. यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु नवा करार नीट वाचणाऱ्यास दुसरीही एक गोष्ट दिसल्यावांचून राहत नाहीं. ती ही कीं, पवित्र शास्त्रानें त्या मंडळ्यांचे दोष झांकून ठेविले नाहींत. राजाचे भाट राजाचे पराक्रम तेवढे गातात. देवाचा आत्मा आपल्या लेकरांचीं व्यंगेंही लिहून ठेवितो. हें निंदेसाठीं नव्हे. मागून येणाऱ्यांनीं त्याच खड्ड्यांत पाऊल घालूं नये एवढ्यासाठीं.

आसिया प्रांतांतील सात मंडळ्यांस प्रभूनें योहानाच्या हातून पाठविलेलीं पत्रें आपण प्रकटीकरणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत वाचतों. हा आसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिमेकडील भाग; त्या वेळीं तो रोमी राज्याचा एक प्रांत होता. योहान पात्म बेटावर असतां, पुष्कळ विद्वानांच्या मतें इ.स. ९५ च्या सुमारास, हीं पत्रें लिहिलीं गेलीं. सातांपैकीं स्मुर्णा व फिलदेल्फिया या दोन मंडळ्यांस दोष लाविलेला नाहीं. बाकीच्या पांचांस बोल लागला आहे. त्या पांचांपैकीं तिघींकडे, आणि पौलानें स्थापिलेल्या करिंथ येथील मंडळीकडे, आज आपण पाहूं. या चौघींचे दोष वरवर पाहतां निरनिराळे दिसतात. परंतु त्यांचें मूळ एकच आहे. ज्या बाजूनें आपण दुर्बळ आहों असें त्यांस वाटत होतें त्या बाजूनें त्या पडल्या नाहींत. ज्या बाजूनें आपण बळकट आहों असें वाटत होतें, नेमक्या त्याच बाजूनें पडल्या.

१. सार्दीस : नांव होतें, जीव नव्हता

सार्दीस ही प्राचीन लुदिया देशाची राजधानी. तेथील क्रीसस राजाच्या संपत्तीचा बोलबाला दूरदूरच्या देशांत झाला होता. शहराच्या मागें उंच डोंगर, आणि त्यावर किल्ला; डोंगराचा कडा असा तुटलेला कीं वर चढण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. इ.स. पूर्व ५४६ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश यानें या किल्ल्याला वेढा घातला. यहूदी लोकांस बाबेलच्या बंदिवासांतून ज्यानें पुढें सोडिलें, तोच हा कोरेश. हेरोदोत नांवाचा ग्रीक इतिहासकार सांगतो कीं, चौदा दिवस झाले तरी किल्ला हातीं येईना. इतक्यांत वरच्या एका शिपायाचें शिरस्त्राण कड्यावरून खालीं घरंगळलें. तो शिपाई कड्यानें खालीं उतरला, तें उचललें, आणि आला तसा वर गेला. पारसी सैन्यांतील एका माणसानें हें पाहिलें. जेथून एक जण उतरतो तेथून दुसरा चढूंही शकतो, हें त्यानें ओळखलें. त्या बाजूस पहारा नव्हता. कारण तेथून शत्रू येईल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. किल्ला पडला.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. सुमारें तीनशें तीस वर्षांनीं तिसऱ्या अंतियोख राजानें त्याच शहराला वेढा घातला, आणि इ.स. पूर्व २१४ च्या सुमारास शहर पुन्हा तसेंच पडलें. एका ठिकाणीं तटावर गिधाडें निवांत बसतात, हें त्याच्या सैन्यांतील एका मनुष्यानें पाहिलें. जेथें पांखरें निवांत बसतात तेथें माणसांची वर्दळ नाहीं, म्हणजे पहारा नाहीं, असा त्यानें तर्क केला. आणि तो तर्क खरा ठरला. बापजाद्यांनीं जेथें मार खाल्ला तेथेंच लेंकरांनीं मार खाल्ला.

अशा शहरांतील मंडळीला प्रभु सांगतो कीं, तूं जिवंत आहेस असें तुझें नांव आहे, परंतु तूं मेलेली आहेस; जागी हो, नाहीं तर मी चोरासारखा येईन. हे शब्द ऐकून सार्दीसच्या माणसांस आपला कडा आठवला नसेल काय? या पत्रांत छळाचें नांव नाहीं. खोट्या शिक्षकांचें नांव नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास तेथें सर्व कांहीं ठीक दिसत होतें. रोग असा कोठें दिसत नव्हता. फक्त श्वास थांबला होता.

बंधूंनो, नांव कसें टिकतें हें आपणांस चांगलें ठाऊक आहे. मंडळीची वही असते. तींत बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आंकडा असतो. वर्षअखेर अहवाल जातो. त्यांत प्रार्थनासभा किती, सुवार्तेसाठीं गांवें किती, दान किती, हें सर्व लिहिलेलें असतें. हें लिहिणें वाईट नाहीं. हिशेबांत चोख असणें हाही धर्मच आहे. परंतु वहींतला आंकडा वाढत असतां घरांतली प्रार्थना बंद पडलेली असूं शकते. घंटा वेळेवर वाजते, पण तिच्या आवाजानें कोणाच्या हृदयांत कांहीं हालत नाहीं. उपदेशक वचन वाचतो, पण तें वचन आधीं त्याला वाचीत नाहीं. वरचा अधिकारी अहवाल पाहून संतुष्ट होईल. सात तारे ज्याच्या हातांत आहेत तो अहवाल पाहत नाहीं, नाडी पाहतो.

तरी त्या मेलेल्या मंडळींतही कांहीं थोडीं माणसें होतीं, ज्यांनीं आपलीं वस्त्रें मळविलीं नव्हतीं. प्रभूला त्यांचीं नांवें ठाऊक होतीं. आणि जें उरलें आहे, मरणाच्या पंथास लागलें आहे, तें बळकट करा, अशी आज्ञा त्यानें दिली. सर्व कांहीं नव्यानें उभारा असें तो म्हणाला नाहीं. चुलींत राखेखालीं एखादा निखारा असला तर शहाणी बाई नवी काडी ओढीत नाहीं. ती राख बाजूस सारून फुंकर घालते. तुमच्या मंडळींत एक म्हातारी बाई मनापासून प्रार्थना करीत असेल तर तोच तो निखारा होय. तिच्याजवळ जाऊन बसा.

२. इफिस : सत्य राखलें, प्रीति सुटली

इफिस येथें पौलानें सुमारें तीन वर्षें रात्रंदिवस श्रम केले. तुरन्नाच्या पाठशाळेंत तो दररोज वादविवाद करी. त्या शहरांत जादूटोण्याच्या पुस्तकांचें मोठें प्रस्थ होतें. परंतु प्रभूचें भय लोकांवर आलें तेव्हां त्यांनीं आपलीं पुस्तकें आणून सर्वांसमक्ष जाळलीं. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली, असें प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकांत लिहिलें आहे. तेथें मूळांत ज्या रुप्याच्या नाण्याचा उल्लेख आहे तें एक नाणें म्हणजे मजुराची सुमारें एका दिवसाची मजुरी होती. पन्नास हजार दिवसांची मजुरी त्यांनीं अग्नींत टाकली. कोणीही तीं पुस्तकें विकून पैसा पदरांत पाडून घेतला नाहीं. ही त्या मंडळीची पहिली प्रीति.

पुढें मिलेत येथें पौलानें इफिसच्या वडिलांचा निरोप घेतला. त्या वेळीं त्यानें त्यांस बजाविलें होतें कीं, मी गेल्यावर क्रूर लांडगे कळपांत शिरतील, म्हणून जागे राहा. ती शिकवण त्या मंडळीनें चाळीस वर्षें विसरली नाहीं. प्रभूच्या पत्रांत तिचें कौतुकच आहे. प्रेषित म्हणवून आलेल्या लबाडांस तिनें पारखलें, निकलाइतांच्या कृत्यांचा तिनें द्वेष केला, श्रम केले, नांवासाठीं सोसलें, पण थकली नाहीं. एवढी स्तुति झाल्यावर वाचणारा म्हणेल, आतां उणें काय राहिलें? उणें हें कीं, तिनें आपली पहिली प्रीति सोडिली होती.

हें कसें झालें असेल याचा विचार करा. लांडगा ओळखतां ओळखतां डोळ्यांस संशयाची संवय लागते. आज आलेला परका लांडगा होता; उद्यां आलेलें मेंढरूंही लांडगाच वाटूं लागतें. चुकीचें मत धिक्कारतां धिक्कारतां चुकलेल्या माणसाचा धिक्कार होऊं लागतो. पहिल्या पिढीनें सत्यासाठीं भांडण केलें, कारण सत्य सांगणाऱ्या प्रभूवर तिची प्रीति होती; दुसऱ्या पिढीच्या हातीं भांडण तेवढें वारशानें आलें.

इफिसच्या बंदराची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. हें शहर कैस्तर नदीच्या मुखाशीं वसलेलें, व्यापाराचें मोठें बंदर. नदी दरवर्षीं थोडा थोडा गाळ आणी. बंदर एका रात्रींत भरलें नाहीं. एका वर्षींच्या गाळानें गलबत अडलें असेंही झालें नाहीं. शतकें लोटलीं, गाळ सांचत गेला, लोकांनीं तो उपसून पाहिला, आणि शेवटीं समुद्र दूर गेला. आज त्या शहराचे अवशेष समुद्रापासून कांहीं मैल आंत उभे आहेत. संगमरवरी रस्ता आहे, पण त्याच्या टोंकाशीं पाणी नाहीं. प्रीतीचेंही असेंच होतें. कोणताही विश्वासी एका सकाळीं उठून प्रभूवरील प्रीति टाकीत नाहीं. आज एक प्रार्थना राहिली, उद्यां एका भावाशीं बोलणें टाकलें, परवां एका गरिबाच्या दारावरून न थांबतां पुढें गेलों; इतकाच तो गाळ. म्हणून वर्षाच्या वर्षास तो उपसावा लागतो.

प्रभूनें या दुखण्यावर तीन गोष्टी सांगितल्या : कोठून पडलास तें आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिलीं कामें पुन्हा कर. तिसरी गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. मनांत पुन्हा तसा उमाळा येईपर्यंत वाट पाहा, असें त्यानें सांगितलें नाहीं. कामें कर, असें सांगितलें. बाप्तिस्म्याच्या पहिल्या वर्षीं तुम्ही आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर बसलां असाल, तर आज पुन्हा बसा. तेव्हां शेजाऱ्याला आपल्या भाकरींतली चतकोर दिली असेल, तर आज पुन्हा द्या. प्रीति कामाच्या वाटेनें परत घरीं येते.

३. करिंथ : देणग्या पुष्कळ, पंगती निरनिराळ्या

करिंथ हें दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवरचें शहर. एका बाजूस लेखै, दुसऱ्या बाजूस किंख्रिया, अशीं त्याचीं दोन बंदरें. रोमी लोकांनीं तें उद्ध्वस्त केल्यावर शंभर वर्षांनीं, इ.स. पूर्व ४४ मध्यें, ज्युलियस कैसरानें तें पुन्हा वसविलें. नाना देशांचे लोक, व्यापारी, खलाशी, दास व दास्यांतून सुटलेले, सर्व तेथें होते. त्यांतूनच पौलानें मंडळी उभी केली. तिचें बळ तिच्या देणग्यांत होतें. बोलण्यांत व ज्ञानांत ती संपन्न होती. कोणत्याही कृपादानांत ती मागें नव्हती, असें पौल आपल्या पत्राच्या आरंभींच मान्य करितो.

पण त्याच मंडळींत कोणी स्वतःस पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा. आणि याहून वाईट गोष्ट प्रभूच्या भोजनाच्या वेळीं घडत होती. त्या काळीं मंडळीला निराळें मंदिर नसे. एखाद्या सधन बंधूच्या घरीं सर्व जमत, आणि प्रभुभोजन जेवणासहित होई. रोमी पद्धतीच्या घरांत जेवणाची खोली लहान असे. तींत तीन बाजूंस पलंग मांडून साधारण नऊ माणसें बसत. बाकीच्यांनीं अंगणांत बसावें. ज्यांस दिवसभर दुसऱ्याचें काम करावें लागे, जे कोणाचे दास होते, त्यांना यावयास उशीर होणें साहजिकच होतें. ते येत तों आधीं आलेल्यांचें जेवण आटोपलेलें असे. कोणी भुकेला राही आणि कोणी मस्त होई, असें पौलानें स्पष्टच लिहिलें आहे. एकाच प्रभूचें शरीर, एकच भाकर, आणि तिच्याभोंवतीं दोन पंगती!

पौलानें यावर काय सांगितलें? जेवावयास जमतां तेव्हां एकमेकांची वाट पाहा. किती साधी आज्ञा! जो अन्य भाषा बोलतो, जो भविष्य सांगतो, जो रहस्यें उलगडतो, त्यानें आधीं एक मजूर कामावरून परत येईपर्यंत भाकरीला हात लावूं नये. याच पत्रांत देणग्यांविषयींचे बारावा व चौदावा हे दोन अध्याय आहेत, आणि त्यांच्या मध्यें प्रीतीचा तेरावा अध्याय ठेविला आहे. दिव्याच्या दोन्ही बाजूंस जशीं भांडीं मांडावीं तसा तो आहे. मधला दिवा विझला तर भांडीं कितीही मोलाचीं असोत, अंधारांत कोणाच्या कामाचीं?

खेड्यांतील बंधूंनो, येथें आम्ही थोडें उघड बोलतों, त्याची क्षमा असावी. आपल्या देशांत पंगतीचा भेद काय असतो हें करिंथकरांपेक्षां आपणांस अधिक ठाऊक आहे. आपल्यांतील पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं तो भेद पाठीवर सोसला. गांवच्या विहिरीवरून त्यांस हांकलून दिलें होतें. ख्रिस्ताच्या मेजाशीं त्यांस पहिल्यानें माणूस म्हणून बसावयास मिळालें. अशांच्या लेंकरांनीं जर आज मंडळींत अमक्या वाड्याचे आणि तमक्या वस्तीचे असा भेद धरिला, सोयरीक जुळवितांना पूर्वीचें कूळ विचारलें, बांधावरच्या भांडणामुळें दोन घरांनीं एकाच प्याल्याला तोंड लावण्याचें टाळलें, तर तें करिंथकरांच्या पापाहून मोठें पाप होय. कारण त्यांनीं तो भेद केवळ पाहिला होता. आम्हीं तो भोगला आहे. ज्याला विहिरीवरून हांकललें, त्यानें दुसऱ्याला मेजावरून हांकलूं नये.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. पौलाच्या पत्रानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, इ.स. ९६ च्या आसपास, रोम येथील मंडळीला करिंथकरांस पुन्हा एक लांब पत्र लिहावें लागलें. क्लेमेंताच्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. तेथें कांहीं जणांनीं उठून, ज्यांच्यावर कांहीं दोष नव्हता अशा वडिलांस त्यांच्या कामावरून दूर केलें होतें. एकदां समजूत पडली म्हणजे रोग गेला असें नव्हे. फूट हा असा रोग आहे कीं तो बापाकडून मुलाकडे जातो.

४. लावदिकीया : कांहीं उणें नाहीं

लावदिकीया हें सधन शहर. तेथें सराफी पेढ्यांचा व्यवहार मोठा. तेथील काळी मऊ लोंकर नांवाजलेली. जवळच वैद्यकाची एक प्रसिद्ध शाळाही होती. इ.स. ६० मध्यें भूकंपानें शहर पडलें. आसिया प्रांतांत भूकंप हें नवल नव्हतें. इ.स. १७ मध्यें सार्दीस पडलें तेव्हां तिबिर्य कैसरानें द्रव्य देऊन व पांच वर्षांचा कर माफ करून त्या शहरास हात दिला होता. परंतु लावदिकीयाच्या लोकांनीं कैसराची मदत न घेतां आपल्याच पैशानें आपलें शहर पुन्हा उभें केलें, असें ताकित नांवाच्या रोमी इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. शहराला हें भूषणच होतें. पण शहराचा स्वभाव मंडळींत शिरला. मी धनवान आहें, मला कशाचीही गरज नाहीं, असें ती प्रभूसमोरही म्हणूं लागली.

त्या शहरांत एका गोष्टीची मात्र वाण होती, ती म्हणजे चांगलें पाणी. थोड्या कोसांवर हेरापली येथें ऊन पाण्याचे झरे होते. तें पाणी दुखणाइतांच्या अंगास गुण देई. दुसऱ्या बाजूस कलस्सै येथें डोंगराचें थंड पाणी होतें. तें वाटसरूची तहान भागवी. लावदिकीयास नळांनीं लांबून पाणी आणावें लागे. त्यांत खनिजांचा अंश असे, आणि ते दगडी नळ आंतून चुन्याच्या थरांनीं भरलेले आजही पाहावयास मिळतात. असें पाणी तोंडांत घेतलें तर कोणालाही ओकारी यावी. प्रभु म्हणतो, तूं ना ऊन ना थंड. तूं कोमट आहेस. दुखणाइतास तुझा उपयोग नाहीं, तहानेल्यास उपयोग नाहीं.

मग तो त्यांच्याच बाजारचीं नांवें घेऊन बोलतो. सराफांच्या शहरास तो सोनें विकत घे म्हणतो. लोंकरीच्या शहरास पांढरीं वस्त्रें घे म्हणतो. वैद्यांच्या शहरास डोळ्यांत अंजन घाल म्हणतो. ज्यांत ती स्वतःस पुरी समजत होती त्या तिन्ही गोष्टींत ती उणी निघाली.

आपण म्हणूं, आम्ही कोठले धनवान? कोरडवाहू शेतीवर आमचें पोट चालतें. हें पत्र शहरांतल्या मंडळ्यांस वाचून दाखवा. परंतु कशाचीही गरज नाहीं असें म्हणावयास पैसाच लागतो असें नाहीं. आमच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला, आतां आम्हांस नव्यानें शिकावयाचें काय आहे, असें म्हणणारा लावदिकीयेचाच रहिवासी होय. मंदिर बांधून झालें, पाळक मिळाला, मुलें शहरांत नोकरीस लागलीं, आतां प्रभूपाशीं मागावयाचें काय राहिलें, असें वाटणें हेंच तें धन. आणि उपदेशक बंधूंनो, आम्ही तुम्हांस व स्वतःसही सांगतों कीं, शास्त्रवचनें पाठ असणें हें आपलें बळ आहे, म्हणून आपला कडाही तोच. जो दररोज दुसऱ्यांस भाकर वाढतो तो स्वतः उपाशी आहे हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पुष्कळदां त्याच्या स्वतःच्याही येत नाहीं.

या पत्रांत सर्वांहून कठोर शब्द आहेत, आणि सर्वांहून कोमल चित्रही येथेंच आहे. प्रभु दाराबाहेर उभा राहून ठोकीत आहे. हें दार कोणाचें? हें वचन आपण परकीयांस सुवार्ता सांगतांना नेहमीं वापरतों, आणि तें योग्यही आहे. पण मूळांत तें दार मंडळीचें आहे. आंत गाणें चाललें आहे, प्रार्थना चालली आहे, आणि ज्याच्या नांवानें हें सर्व चाललें आहे तो बाहेर उभा आहे. तो दार मोडीत नाहीं. कोणी एकानें जरी आंतून कडी काढली तरी त्याच्याबरोबर जेवावयास तो तयार आहे.

५. गरीब मंडळी, आणि ताकिदीनंतरची गोष्ट

आतां स्मुर्णेकडे पाहा. तिचें पत्र सर्वांत लहान आहे. ती गरीब होती, तिची निंदा होत होती, तिच्यांतील कांहींजण तुरुंगांत जाणार होते. तिला प्रभूनें एकही दोष लाविला नाहीं. उलट, तूं धनवान आहेस, असें सांगितलें. इ.स. १५५ च्या सुमारास त्याच मंडळीचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प यास अग्नींत उभें करण्यांत आलें. शहाऐंशीं वर्षें ज्याची सेवा केली आणि ज्यानें माझें कांहीं वाईट केलें नाहीं, त्या राजाची निंदा मी कशी करूं, अशा आशयाचें उत्तर देऊन त्यानें मरण पत्करलें. बाहेरच्या आगीनें ती मंडळी मेली नाहीं. इफिस, सार्दीस, लावदिकीया यांस मरणाच्या दारीं नेलें तें आंतल्या थंडपणानें. छळाचें भय आपण नेहमीं बाळगतों. जें खरें भयंकर आहे त्याचें भय आपणांस नसतें.

मग या पांच मंडळ्यांस दिलेली ताकीद वायां गेली काय? नाहीं, बंधूंनो. इतिहासांत जें थोडें टिकलें आहे तें आशेचें आहे. प्रकटीकरणानंतर फार वर्षें लोटलीं नव्हतीं, तेव्हां अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नाती यास सांखळदंडांत घालून रोमेस मरणासाठीं नेत होते. वाटेंत स्मुर्णा येथें त्याला भेटावयास इफिसच्या मंडळीनें आपला अध्यक्ष व दुसरे बंधु पाठविले. त्यांच्या हातीं दिलेल्या पत्रांत इग्नाती त्या मंडळीच्या प्रीतीची वाखाणणी करितो. जिनें पहिली प्रीति सोडिली होती ती एका बंदिवानाच्या सेवेस माणसें पाठवीत होती. पहिलीं कामें पुन्हा सुरू झालीं होतीं. सार्दीसला पुढें त्याच दुसऱ्या शतकांत मेलितो नांवाचा विद्वान व भक्तिमान अध्यक्ष लाभला. त्यानें रोमी बादशहापुढें ख्रिस्ती लोकांची बाजू लेखांतून मांडली. आणि जी लावदिकीया कोमट म्हणून ओकली जाणार होती, तिच्याच अध्यक्षानें, सागरी नांवाच्या मनुष्यानें, त्या शतकांत ख्रिस्तासाठीं प्राण दिला. कोमट पाणी असें उकळलें.

म्हणजे प्रभूची ताकीद ही शिक्षेचा ठराव नव्हती. ती वैद्याची हांक होती. ज्यांच्यावर तो प्रीति करितो त्यांसच तो शब्द लावितो. ज्या मुलाला बाप कांहींच बोलत नाहीं तें मूल दुसऱ्याचें असतें.

आतां आपलें काय? येत्या रविवारीं उपासना संपल्यावर आपण प्रत्येकानें एक प्रश्न घेऊन घरीं जावें : माझें बळ कशांत आहे? कोणाचें बळ गाण्यांत असेल, कोणाचें ज्ञानांत, कोणाचें प्रामाणिक हिशेबांत, कोणाचें जुन्या ख्रिस्ती घराण्यांत. जें उत्तर मिळेल तेथें जाऊन उभें राहावें आणि पहारा आहे कीं नाहीं तें पाहावें. आपल्या दुर्बळ बाजूसाठीं आपण प्रार्थना करितोंच. बळकट बाजूसाठीं कोणी प्रार्थना केली आहे काय? मग ज्या भावाशीं बोलणें टाकलें आहे त्याच्या दारीं रविवार मावळण्याआधीं जावें; आधीं त्यानें यावें असें म्हणूं नये. ज्या उपदेशकाच्या घरीं कौटुंबिक प्रार्थना बंद पडली असेल त्यानें ती त्याच रात्रीं, दिवा लहान असला तरी, पुन्हा सुरू करावी.

सात समयांमधून चालणारा प्रभु आजही खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमधून चालत आहे. ज्या समईचें तेल संपत आलें आहे तिच्यापाशीं तो थांबतो. तो वात विझवावयास थांबत नाहीं. ती सारावयास थांबतो. त्याचा हात आपण दूर लोटूं नये. ज्याला कान आहेत त्यानें ऐकावें, आणि ऐकून उठावें. आमेन.